आयसी जळतो तो तापमानामुळे की वेळेमुळे? सोल्डरिंग करताना चिप आणि बोर्ड कसे सांभाळावेत

डाखशाळा (धागाकर्ती)
८ जुलै, रात्री ९.१५

नमस्कार. पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत मी गेली १९ वर्षे काम करते. मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी स्वतः आखलेला चार थरांचा बोर्ड घेऊन आला आणि म्हणाला, ‘मॅडम, चिप जळली.’ भिंगाखाली पाहिले, तेव्हा ३२ पायांच्या मायक्रोकंट्रोलरभोवतीचा फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावतात तो पदार्थ) काळा पडून काजळीसारखा चिकटला होता, ग्राउंडच्या दोन पायांखालचे पॅड (पाय ज्यांवर सोल्डर होतात ते तांब्याचे तुकडे) बोर्डापासून सुटून पायांनाच लोंबत होते आणि त्या कोपऱ्यात बोर्डाचा हिरवा रंग फिकट, दुधाळ झाला होता. चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली, तर ती उत्तम चालली. चिपला काहीच झाले नव्हते. गेला होता तो बोर्ड.

त्याने काय केले होते, हे सांगण्यासारखे आहे. चिप भाजू नये म्हणून त्याने सोल्डरिंग स्टेशनचे (तापमान ठरवता येणाऱ्या आयर्नचे) तापमान २८० अंशांवर ठेवले होते (या धाग्यात सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत), काम नाजूक म्हणून सुईसारखी टोकदार टिप लावली होती, आणि ग्राउंडच्या पायावरचे सोल्डर वितळेना तेव्हा ती टिप दहा-दहा, पंधरा-पंधरा सेकंद दाबून धरली होती. मुलगा मनापासून काळजी घेणारा आहे आणि त्या काळजीपायीच बोर्ड गेला. दरवर्षी असे दोन-तीन बोर्ड माझ्यासमोर येतात, म्हणून हा धागा.

आपल्या नेहमीच्या ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेल्या सोल्डरचा वितळणांक १८३ अंश आहे. शिसेविरहित सोल्डरपैकी सर्वाधिक वापरले जाणारे एसएसी ३०५ हे २१७ अंशांपासून वितळू लागते. मग २८० अंश पुरेसे का होत नाहीत? कारण पडद्यावर दिसणारा आकडा टिप रिकामी असतानाचा असतो. टिप ग्राउंडच्या पॅडला लागली, की तिच्या टोकातील उष्णता त्या पॅडमागच्या तांब्याच्या अख्ख्या पत्र्यात ओढली जाते. तांबे हे बोर्डाच्या फायबरग्लासपेक्षा हजार पटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे, त्यामुळे पॅड पत्र्याला थेट जोडलेला असेल, तर आपण एका पायाला नव्हे, सबंध बोर्डाला ऊब देत बसतो. बारीक टिपेत उष्णता साठत नाही आणि हीटरकडून टोकापर्यंत ती वेळेत पोहोचतही नाही. परिणामी सांधा वितळणांकाच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळतो आणि दरम्यान दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे फ्लक्सची ताकद संपते. ती संपली की तांब्यावरचा ऑक्साइड निघत नाही, सोल्डर पसरत नाही, आणि पसरत नाही म्हणून आपण टिप आणखी दाबतो. दुसरी म्हणजे बोर्डातील इपॉक्सी मऊ होते. साध्या एफआर-४ (फायबरग्लास आणि इपॉक्सीच्या) बोर्डाचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे इपॉक्सी मऊ पडू लागते ते तापमान, १३० ते १४० अंशांच्या आसपास असते. त्यापुढे तांब्याला धरून ठेवणारी पकड कमकुवत होते, आणि अशा वेळी टिपेने थोडा जरी रेटा दिला, तरी पॅड सरकतो किंवा उचलला जातो.

त्यामुळे शिशाच्या सोल्डरसाठी ३३० ते ३५० आणि शिसेविरहित सोल्डरसाठी ३५० ते ३८० अंश, पायाच्या रुंदीला साजेशी चपटी, छिन्नीच्या आकाराची टिप, सांध्यावर ताजा फ्लक्स आणि दोन ते तीन सेकंदांत काम संपवणे, असे माझे म्हणणे आहे. चार सेकंदांत सोल्डर वाहिले नाही, तर टिप उचलावी, बोर्ड निवू द्यावा आणि का वाहिले नाही याचा शोध घ्यावा. बहुतेक वेळा टिप काळी पडलेली असते, फ्लक्स संपलेला असतो किंवा पॅड मोठ्या तांब्याला जोडलेला असतो. या तिन्हींवर टिप धरून ठेवणे हा उपाय नाही.

डेटाशीटही (उत्पादकाचे माहितीपत्रक) हेच सांगते. आपण ते अर्धेच वाचतो. सर्वांच्या परिचयाच्या एलएम ७४१ या ॲम्प्लिफायर आयसीचे पाहा. प्लास्टिकच्या पॅकेजसाठी २६० अंश आणि सिरॅमिक किंवा धातूच्या पॅकेजसाठी ३०० अंश दिले आहेत, पण दोन्हींपुढे ‘१० सेकंद’ असे लिहिले आहे. वेळेशिवाय तो आकडा निरर्थक आहे. शिवाय तो आयसीच्या पायाचा आहे, टिपेचा नाही. ३५० अंशांची टिप दोन सेकंद लागली म्हणून पाय ३५० अंशांवर जात नाही.

तांबट आळीत किंवा दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याकडे ज्यांनी लहानपणी पाहिले असेल, त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. तो पातेले भात्यावर आधी नीट तापवून घेतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर निघून तांबे लख्ख झाले की कथलाची कांडी त्या तापल्या भांड्याला टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात ते सगळीकडे फिरवतो. कथील भांड्याच्या उष्णतेने वितळते, वेगळ्या आगीने नाही, आणि नवसागर तिथे फ्लक्सचे काम करतो. आपणही पाय आणि पॅड दोन्ही एकदम तापवावेत आणि सोल्डरची तार टिपेला नव्हे, तर त्यांना लावावी. (नवसागर किंवा आम्लयुक्त पेस्ट मात्र बोर्डावर चुकूनही वापरू नये, तिचे उरलेले क्षार काही महिन्यांत ट्रॅक खातात.)

आपापले अनुभव लिहावेत. विशेषतः हॉट एअर (तापलेल्या हवेची गन) आणि रिफ्लो भट्टी (सोल्डरची पेस्ट लावलेला सबंध बोर्ड तापवणारी भट्टी) यांबद्दल जाणकारांनी सांगावे. त्यात माझा हात हाताच्या सोल्डरिंगइतका बसलेला नाही.

जुनी दुरुस्ती
८ जुलै, रात्री १०.४०

ताई, अगदी योग्य विषय काढलात. नारायण पेठेत माझे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते, आता घरूनच थोडे काम करतो. एक भर घालतो.

तुमच्या प्रयोगशाळेत स्टेशन आहे. बहुतेक मुलांकडे घरी २५ वॉटचे साधे आयर्न असते, ज्याला तापमानाचे नियंत्रणच नसते. त्याचे तापमान विजेचा दाब (व्होल्टेज) ठरवतो. वॉट हे व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात, त्यामुळे २३० ऐवजी घरात २५० व्होल्ट येत असतील, तर तेच आयर्न १८ टक्के जास्त शक्ती घेते. आणि संध्याकाळी २०० पर्यंत उतरले, तर जवळजवळ पाव शक्ती गळते. दुपारी छान चाललेले आयर्न रात्री सोल्डर का वितळवत नाही, असे विचारत माझ्याकडे मुले येत. स्टँडवर अर्धा तास पडून राहिलेले असे आयर्न ४०० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि टिपेवरचे कथील करपवते. आम्ही त्यासाठी आयर्नच्या मालिकेत एक डायोड आणि त्याला समांतर एक स्विच, असे लाकडी पेटीत बसवून घेत असू. स्विच बंद असला की अर्धीच लहर जाते आणि शक्ती निम्मी होते. काम करताना स्विच चालू करायचा. अर्थात हे २३० व्होल्टचे काम आहे, ज्याला वायरिंग येते त्यानेच करावे.

जर्मेनियमच्या काळात उष्णतेची भीती खरी होती. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर साधारण १०० अंशांच्या आतच दम सोडत असे, म्हणून त्याचा पाय बारीक पकडीत धरून मगच आम्ही डाख देत असू. पकड मधली उष्णता खाऊन टाकी. सिलिकॉन आले आणि ती मर्यादा १५० च्या पुढे गेली, पण मनातील भीती तशीच राहिली. ज्या आयसीला बेस (सॉकेट) लावता येतो, त्याला बेस लावावा आणि आयसी शेवटी बसवावा, एवढी सवय मात्र आजही सोडू नये.

आणखी एक सांगतो. ‘उष्णतेने मेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या पुष्कळ आयसींचा जीव उष्णतेने गेलेला नव्हता. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या, अर्थिंग नसलेल्या आयर्नच्या टिपेवर गळतीचा विजेचा दाब असतो. सीमॉस चिपला (आजच्या बहुतेक चिप याच प्रकारच्या) मारायला तो पुरतो. टेस्टर लावून एकदा पाहावे.

भोसरी लाइन
९ जुलै, सकाळी ७.०५

मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात एसएमटी लाइनवर (बोर्डाच्या पृष्ठभागावर सुटे भाग बसवणाऱ्या यंत्रांवर) आहे. भट्टीविषयी विचारले आहे, पण त्याआधी पावसाविषयी लिहितो, कारण आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये चिप बिघडण्याचे मोठे कारण तेच असते.

आयसीचे काळे आवरण म्हणजे इपॉक्सी, आणि इपॉक्सी हवेतली ओल शोषते. बाहेरून काही दिसत नाही. अशी ओलसर चिप भट्टीत गेली, की आतल्या पाण्याची वाफ होते. २६० अंशांना पाण्याच्या संपृक्त वाफेचा दाब सुमारे ४६ वातावरणे असतो, आणि घरचा कुकर शिट्टी देतो तो वातावरणापेक्षा साधारण एकच वातावरण जास्त दाबावर. चिपमधला प्रत्यक्ष दाब तिथे किती पाणी आहे त्यावर ठरतो आणि तो याहून बराच कमी असू शकतो. पण सिलिकॉनचा तुकडा ज्या पट्टीवर चिकटवलेला असतो, तिच्यापासून आवरण सोलून काढायला कमी दाबही पुरतो. आवरण सुटताना सोन्याच्या किंवा तांब्याच्या केसासारख्या तारा तुटतात. कधी पोट फुगते, कधी बारीकशी चीर पडते, कधी ‘टक्’ असा आवाज येतो. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात, त्याचेच हे रूप. दाणा फुटतो तो त्याच्या पोटातल्या पाण्यामुळे. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे चाचणीत चिप उत्तीर्ण होते आणि ग्राहकाकडे तीन महिन्यांनी बंद पडते.

यासाठी जे-एसटीडी-०२० या मानकात ओलसंवेदनशीलतेच्या पातळ्या ठरवलेल्या आहेत. पहिल्या पातळीच्या चिपला मुदत नाही. दुसरीला पाकीट फोडल्यापासून एक वर्ष मिळते, तिसरीला १६८ तास, चौथीला ७२, पाचवीला ४८, आणि सहाव्या पातळीची चिप प्रत्येक वेळी भाजून घेतल्याखेरीज वापरताच येत नाही. आपल्या सर्वांच्या आवडीचे ईएसपी ३२ चे ‘रूम’ (WROOM) हे वाय-फाय मॉड्यूल तिसऱ्या पातळीचे आहे. मुख्य मुद्दा असा की, हे तास ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रता गृहीत धरून दिलेले आहेत. पुण्याच्या पावसाळ्यात खिडकी उघडी असलेल्या खोलीत ६० टक्के ही गोष्ट दिवसेंदिवस नशिबी येत नाही, त्यामुळे घड्याळ छापील आकड्यापेक्षा वेगाने पळते. सीलबंद पाकिटात ठिपक्यांचे एक कार्ड असते. त्यावरचे निळे ठिपके गुलाबी झाले असतील, तर पाकीट कोरडे राहिलेले नाही असे समजावे.

ओल काढायचा मार्ग म्हणजे चिप भाजणे. १२५ अंशांना, आवरणाच्या जाडीप्रमाणे काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत. प्लास्टिकच्या रिळातील पट्टी १२५ अंशांना टिकत नाही, तिच्यासाठी ४० अंशांचा मार्ग आहे, पण तो कित्येक दिवस घेतो. पुन्हा पुन्हा भाजणेही बरे नाही, पायांवरचे कथील ऑक्सिडाइझ होऊन सोल्डर धरत नाही. ९० अंशांच्या वर एकूण ९६ तासांपेक्षा जास्त भाजू नये, अशी जे-एसटीडी-०३३ ची मर्यादा आहे.

आता भट्टी. शिसेविरहित सोल्डरसाठी चिपची कसोटी घेताना मानकात जो आलेख वापरतात त्यात १५० ते २०० अंशांमध्ये ६० ते १२० सेकंद, त्यानंतर सेकंदाला ३ अंशांपेक्षा जास्त नाही अशी चढण, २१७ अंशांच्या वर ६० ते १५० सेकंद, आणि उतरताना सेकंदाला ६ अंशांपर्यंत, अशी बंधने आहेत. १.६ मिलिमीटरपेक्षा पातळ पॅकेजसाठी शिखर २६० अंश धरतात, जाड आणि मोठ्या पॅकेजसाठी २५० किंवा २४५. ही कसोटी चिपने तीन वेळा द्यायची असते. मला ती तीन ही संख्या फार महत्त्वाची वाटते. दोन्ही बाजूंनी सुटे भाग असलेला बोर्ड भट्टीतून दोनदा जातो, म्हणजे दुरुस्तीसाठी खात्रीने एकच फेरी उरते. चार वेळा गरम केलेली चिप चालली, तर तो चिपचा चांगुलपणा. उत्पादकाने तसे वचन दिलेले नाही.

आम्ही प्रत्यक्षात शिखर २४० ते २४५ च्या आसपास ठेवतो. सोल्डर पूर्ण ओले होऊन पसरायला तेवढे लागते, आणि २६० ची मर्यादा गाठायचे काही कारण नसते.

तिसरे वर्ष
९ जुलै, दुपारी १.३०

मॅडम, तो बोर्ड माझाच. सर्वांनी इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल आभारी आहे. नवा बोर्ड मागवला आहे आणि या वेळी ग्राउंडच्या पॅडना थेट जोडण्याऐवजी चार बारीक पट्ट्यांनी जोडले आहे.

माझ्या दोन अडचणी आहेत. नव्या बोर्डावर क्यूएफएन पॅकेजचा (बाहेर पाय नसलेला, चपटा) मोटर ड्रायव्हर आयसी आहे, ज्याच्या पोटाखाली मोठा पॅड असतो आणि तिथे टिप पोहोचतच नाही. माझ्याकडे हॉट एअर गन आहे, पण भोसरीच्या सरांनी लिहिलेला आलेख तिने कसा काढायचा? दुसरे, असे दोन आयसी मी तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) सुटे आणले, साध्या गुलाबी पिशवीत. पाकीट कधी फोडले ते कोणालाच माहीत नाही. भाजायला माझ्याकडे भट्टी नाही. आईचा ओटीजी आहे, तो वापरू का?

डाखशाळा (धागाकर्ती)
९ जुलै, रात्री ८.५०

आईचा ओटीजी वापरू नकोस. एक तर त्याचे तापमान वीस-तीस अंशांनी वर-खाली होत राहते, आणि ज्या भांड्यात फ्लक्स आणि शिशाचा संबंध येतो त्यात पुन्हा अन्न शिजवायचे नसते. आपल्या सिव्हिल विभागात माती वाळवायची भट्टी आहे. मातीतील पाणी मोजण्यासाठी तिथे १०५ ते ११० अंश लागतात, पण ती १२५ सहज धरते आणि तिचा थर्मोस्टॅट चांगला आहे. मी तिथल्या सहकाऱ्यांशी बोलले आहे. शनिवारी रात्री त्यात माती नसते. चिपा पिशवीतून काढून स्टीलच्या ताटलीत ठेवायच्या, रात्रभर १२५ वर, आणि सकाळी निवल्या की सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डबीत. त्यानंतर त्याच आठवड्यात बसवायच्या. सुटी विक्री अशीच होते, त्यात दुकानदाराचा दोष नाही. सुटा आयसी ओलसर आहे असे धरून चालावे, म्हणजे प्रश्न मिटतो.

आता गनविषयी. गनच्या पडद्यावरचा आकडा हा नळीतल्या हवेचा आहे, बोर्डाचा नाही. बोर्डावर काय चालले आहे हे कळण्याचा एकच मार्ग म्हणजे तिथे मोजणे. मल्टिमीटरसोबत के-टाइप थर्मोकपलची जी पिवळी तार येते आणि सगळे जण ड्रॉवरमध्ये टाकून देतात, ती काढ. तुझा वाया गेलेला बोर्ड घे. त्याचे थर आणि तांबे नव्या बोर्डासारखेच आहे, म्हणून चाचणीला त्याच्याइतके योग्य काही नाही. तारेचे टोक मोठ्या ग्राउंडच्या पॅडवर ठेवून सोल्डरच्या एका थेंबाने पक्के कर आणि त्यामागे दोन सेंटिमीटरवर कॅप्टॉनची (उष्णता सहन करणारी, चिकट) पट्टी लाव, म्हणजे तार हलणार नाही. टोक नुसते हवेत राहिले, तर मीटर वाऱ्याचे तापमान दाखवील आणि तू फसशील. मग गन चालू करून दर दहा सेकंदांनी आकडा वहीत लिही. गन किती उंच धरायची आणि किती जवळ आणायची हे त्या वहीतून ठरेल.

क्रम असा ठेव. आधी गन उंच धरून, गोल फिरवत, सबंध भाग दीडेक मिनिटात १५० पर्यंत आण. खालून ऊब देण्याची सोय असेल, तर फार उत्तम, कारण खालून १०० ते १२० अंश मिळाले की वरून कमी द्यावे लागते आणि बोर्ड वाकत नाही. मग गन जवळ आण. तू शिशाची पेस्ट वापरणार आहेस, म्हणून पॅडवर २०५ ते २१५ दिसले की पुरे. सोल्डर वितळल्याची खूण डोळ्यांना दिसते: राखाडी पेस्ट एकाएकी चकाकते आणि चिप स्वतःहून किंचित सरकून जागेवर बसते. चिमट्याने तिला अगदी अर्धा मिलिमीटर ढकलून सोडावे. ती परत मूळ जागी आली, तर पोटाखालचे सोल्डरही वितळले आहे. खालच्या पॅडवर पेस्ट निम्म्याहून थोडीच जास्त लाव. पूर्ण भरलीस, तर चिप तिच्यावर तरंगेल, कडेचे पाय पॅडला टेकणार नाहीत, आणि मग तू आणखी उष्णता देत बसशील.

आसपासचे प्लास्टिकचे कनेक्टर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि मायक्रोफोन कॅप्टॉन पट्टीने आणि वरून ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकावेत. त्याहून सोपे म्हणजे ते चिपनंतर बसवावेत.

रविवारचा छंद
१० जुलै, सकाळी ९.२०

एवढा खटाटोप कशासाठी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. बिस्मथची पेस्ट मिळते, ती १३८ अंशांना वितळते. तीच वापरली तर उष्णतेचा प्रश्नच उरत नाही. मी दोन वर्षे घरच्या कामासाठी तीच वापरतो आहे.

भोसरी लाइन
१० जुलै, रात्री ८.१५

आपले म्हणणे एका मर्यादेत बरोबर आहे आणि उष्णतेला नाजूक असलेल्या भागांसाठी उद्योगातही कथील-बिस्मथ वापरतात. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. हा मिश्रधातू ठिसूळ असतो. बोर्ड पडला किंवा वाकला तर सांधा तुटतो, त्यामुळे हलत्या यंत्रावर तो घालताना विचार करावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चिपच्या पायांवर किंवा जुन्या पॅडवर शिशाचे सोल्डर असेल आणि त्यात बिस्मथ मिसळले, तर कथील, शिसे आणि बिस्मथ या तिघांचे मिळून असे मिश्रण बनते, ज्याचा काही भाग ९६ अंशांच्या आसपासच वितळतो. विद्यार्थ्याचा हा मोटर ड्रायव्हर आहे. चालू असताना त्याचे पोट १०० अंशांपर्यंत जाणे अजिबात अशक्य नाही. म्हणजे आज वाचवलेली उष्णता उद्या चिप स्वतःच निर्माण करील आणि सांधा मऊ पडेल. पूर्ण नवा, शिसेविरहित बोर्ड आणि थंड चालणारे सर्किट असेल, तर आपली पद्धत चांगली आहे.

रविवारचा छंद
१० जुलै, रात्री ९.००

शिशाशी मिसळण्याचा हा मुद्दा मला माहीत नव्हता. माझ्या दोन बोर्डांवर तसे मिश्रण झालेले असणार. तपासतो.

जुनी दुरुस्ती
११ जुलै, दुपारी ४.२०

बसवण्याबद्दल चर्चा झाली. काढण्याबद्दलही लिहितो, कारण माझ्या अनुभवात बोर्ड सर्वांत जास्त मरतात ते चिप काढताना. आयर्न हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवावी: वाचवायचे काय, चिप की बोर्ड? चिप मेलेली आहे हे नक्की असेल, तर तिचे पाय बारीक कटरने आवरणाजवळ कापावेत, धड बाजूला काढावे आणि एकेक पाय टिपेने उचलावा. प्रत्येक पायाला एक सेकंदही लागत नाही आणि पॅड जसेच्या तसे राहतात. चिप वाचवायची असेल, तर बिस्मथचा मिश्रधातू खरा उपयोगी पडतो. तो सर्व पायांवर वितळवून पसरवला की सोल्डर बराच वेळ पातळ राहते आणि चिप अलगद उचलता येते. मात्र नंतर पॅड आणि पाय विकने (सोल्डर शोषून घेणारी तांब्याच्या तारांची वेणी) पुसून, नवे सोल्डर लावून, पुन्हा पुसून घ्यावेत, म्हणजे वरच्या प्रतिसादातली भानगड होणार नाही. विक वापरताना ती पॅडवर घासू नये आणि गार झालेली विक ओढू नये. तिच्यासोबत पॅड येतो.

चिपशेजारच्या छोट्या सिरॅमिक कपॅसिटरांनाही जपावे. थंड कपॅसिटरच्या अंगाला थेट तापलेली टिप लावली, तर आत केसाएवढी चीर पडते, जी भिंगातही दिसत नाही, आणि काही महिन्यांनी तो शॉर्ट होऊन चिपचा पुरवठा बंद पाडतो. लोक मग चिप बदलत बसतात. मी असा एक बोर्ड तीन दिवस शोधत बसलो होतो. टिप पॅडला लावावी, कपॅसिटरला नाही.

तिसरे वर्ष
१५ जुलै, रात्री १०.१०

चाचणी केली, आकडे लिहितो. जुन्या बोर्डाच्या ग्राउंडवर थर्मोकपल सोल्डर केला. गनवर ३५० लावले होते. पाच सेंटिमीटर उंचीवर ९० सेकंदांत १४२ आले आणि पुढे १५५ च्या आसपास ते थांबले. दोन सेंटिमीटरवर आणल्यावर ४० सेकंदांत २१०. मग मुद्दाम एक सेंटिमीटरवर धरून पाहिले, तर २० सेकंदांत २७० ओलांडले आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर बोर्डाला बारीक फोड आला. मी आधी नेहमी त्याच अंतरावर धरत असे.

शनिवारी रात्रभर दोन्ही आयसी सिव्हिलच्या भट्टीत ठेवले होते. आज पहिला बसवला. मॅडमनी लिहिल्याप्रमाणे पेस्ट चकाकली, चिमट्याने ढकलल्यावर चिप परत आली आणि मी तेवढ्यात गन वर घेतली. वितळल्यापासून गन उचलेपर्यंत माझ्या हिशेबाने २५ सेकंद. मोटर फिरते आहे. भिंगाखाली पाहिले, तर एका कोपऱ्यातल्या दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झाला आहे. त्यासाठी पुन्हा गन वापरावी का?

डाखशाळा (धागाकर्ती)
१५ जुलै, रात्री १०.३५

गन नको. त्या दोन पायांवर फ्लक्सचा एक थेंब, ३४० अंशांची चपटी टिप पुसून कोरडी केलेली, आणि पायांच्या दिशेने बाहेर एकदाच ओढ. जास्तीचे सोल्डर टिपेवर येईल. एका ओढीत आले नाही, तर मिनिटभर थांबून, पुन्हा फ्लक्स लावून दुसरी ओढ. उद्या बोर्ड प्रयोगशाळेत आणलास, तर सूक्ष्मदर्शक मोकळा ठेवते.